मोटारगाडीच्या काचांची प्रकाश-पारगमन मर्यादा

मोटारगाडीच्या काचांतून दृश्य प्रकाशाचा किमान किती भाग आरपार गेला पाहिजे, याविषयीचे कायदेशीर बंधन. भारतात ते केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील नियम १०० ने घातले आहे. त्यानुसार पुढील व मागील काचेचे पारगमन ७० टक्क्यांपेक्षा आणि बाजूच्या काचांचे ५० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये. ‘काळ्या काचांवरील बंदी’ असे या तरतुदीचे वर्णन सर्रास केले जाते, पण नियमाचा रोख रंगावर नसून पारगमनावर आहे. हिरवट किंवा करड्या छटेची काच कारखान्यातूनच बसवून आली असेल आणि मर्यादा पाळत असेल, तर ती नियमबाह्य ठरत नाही.

मूळ नियम सुरक्षा काचेविषयीचा आहे आणि प्रकाशाची अट त्यातच आली आहे. हा क्रम लक्षात घेतल्याशिवाय काचेवर चिकटवायच्या फिल्मविषयीचा (पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्याविषयीचा) पुढचा वाद नीट समजत नाही. फुटल्यावर धारदार तुकडे न उडणारी स्तरित काच प्रथम कोणी केली याविषयी मतभेद आहेत. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्त्यूस यांच्या प्रयोगशाळेत १९०३ च्या सुमारास सेल्युलोज नायट्रेटचा थर बसलेला चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत, ही कथा सर्वत्र दिली जाते. त्यांचे एकस्व (पेटंट) मात्र १९०९ चे आहे. त्याआधी, १९०५ मध्ये, इंग्लंडमधील जॉन क्रू वुड यांनी कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने जोडलेल्या दुहेरी काचेचे एकस्व खास मोटारीच्या पुढील काचेसाठी घेतल्याचे सांगितले जाते. कॅनडा बाल्सम महाग होते. व्यवहारात टिकली ती प्लास्टिकचा थर मध्ये घालण्याची पद्धत, त्यामुळे आजच्या स्तरित काचेची परंपरा बेनेदिक्त्यूस यांच्यापासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. सुरुवातीच्या सेल्युलोजच्या थराला उन्हाने पिवळटपणा येई. पुढे पॉलिव्हिनिल ब्युटिरल हे प्लास्टिक वापरात आल्यावर हा दोष गेला. बाजूच्या व मागच्या काचा सामान्यतः दृढीकृत, म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेल्या असतात. त्या फुटल्या की बोथट कणांचा चुरा होतो.

पारगमन मोजताना डोळ्याची संवेदनशीलता हिशेबात घेतात. उजेडात डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून त्या पट्ट्याला अधिक भार दिला जातो. रस्त्यावर वापरायच्या मापकाचे दोन भाग असतात. एक काचेच्या आतून आणि दुसरा बाहेरून समोरासमोर धरला की आरपार आलेल्या प्रकाशाची टक्केवारी दिसते. काच मळलेली असेल तर आकडा खाली येतो, त्यामुळे आधी ती पुसून घ्यावी लागते. नियमातील ‘अशा स्थितीत राखलेली असावी’ हे शब्दही येथे महत्त्वाचे आहेत, कारण मर्यादा नवी गाडी विकण्याच्या दिवसापुरती नाही.

काच आणि फिल्म यांच्या टक्केवारीचा गुणाकार होतो, ही बाब वाहनधारकांच्या फारशी ध्यानात येत नाही. बाजूची काच मुळात ७५ टक्के आणि वर लावलेली फिल्म ७० टक्के असेल, तर एकत्रित पारगमन ५२.५ टक्के भरते. हीच फिल्म ७० टक्के पारगमनाच्या काचेवर लावली, तर ४९ टक्के. म्हणजे वेष्टनावर ‘७०’ छापलेली एकच फिल्म एका गाडीवर मर्यादेत बसते आणि दुसरीवर बसत नाही. पुढील काच मुळात ७६ टक्के असेल, तर ९० टक्क्यांची जवळजवळ पारदर्शक फिल्मसुद्धा तिला ६८.४ वर आणते. शिवाय प्रमाणित मापन काचेला लंब धरून होते. प्रत्यक्षात पुढची काच तिरपी असते, परावर्तन वाढते आणि चालकाच्या डोळ्यापर्यंत त्याहून कमी प्रकाश पोचतो.

गडद काच वस्तू आणि तिची पार्श्वभूमी या दोघांनाही सारख्याच प्रमाणात मंद करते, तेव्हा दोहोंतील फरक कायम राहतो, असा युक्तिवाद फिल्मच्या बाजूने होतो. भर दिवसा तो बऱ्याच अंशी बरोबरही आहे. रात्री तो टिकत नाही. उजेड कमी झाला की वस्तू ओळखण्यासाठी डोळ्याला अधिक फरक लागतो. दिवे नसलेल्या रस्त्याच्या कडेने गडद कपड्यांत चालणारा माणूस हा याचा सर्वांत गंभीर दाखला. समोरच्या गाडीच्या दिव्यांचा त्रास फिल्ममुळे कमी होतो हे खरे, पण त्या माणसावरून परतणारा प्रकाशही तितकाच घटतो. वयानुसार बाहुलीचे आकुंचन वाढते आणि नेत्रभिंग धूसर होते, त्यामुळे वयस्क चालकांना हा तोटा अधिक जाणवतो.

उष्णतेचा मुद्दा वेगळा आहे. सूर्याच्या उष्णतेचा जवळपास निम्मा वाटा अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत असतो, आणि ते अडवण्यासाठी काच काळी असण्याची गरज नसते. केवळ रंग घातलेली स्वस्त फिल्म प्रकाश बराच अडवते, उष्णता त्या मानाने कमी, आणि काही वर्षांत जांभळट पडून कडेने सुटू लागते. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांबाबत, स्तरित पुढील काच ते बहुतांशी मुळातच अडवते. बाजूची दृढीकृत काच त्यांपैकी लांब तरंगलांबीचे काही किरण आत सोडते.

भारतातील कायद्याला निर्णायक वळण मिळाले ते अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेत. काळ्या फिल्मच्या आडून घडणारे गुन्हे आणि रस्त्यावरील सुरक्षितता हे याचिकेतील मुख्य मुद्दे होते. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पारगमन कितीही असो, काचेवर काळी फिल्म वा अन्य कोणताही पदार्थ चिकटवण्यास देशभर मनाई केली. अंमल ४ मे २०१२ पासून झाला. नियमातील टक्केवारी उत्पादकाने बनवलेल्या काचेची आहे, नंतर वरून काही जोडण्याची मुभा त्यातून निघत नाही, असा न्यायालयाचा अर्थ होता. फिल्मचे उत्पादक व विक्रेते यांनी त्यानंतर केलेले अर्ज ऑगस्ट २०१२ मध्ये फेटाळले गेले.

यानंतर नियमच बदलला. २०२० च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२१ पासून, ‘सुरक्षा काच’ याच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा प्रकार आला, आणि अशा काचांविषयीच्या भारतीय मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत आतील बाजूस प्लास्टिकचा थर असलेल्या काचेचा समावेश आहे. या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, ७० व ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला हरकत नाही, असे म्हटले. विरुद्ध मत असे की मानकातील थर हा काचेच्या घडणीचाच भाग असून दुकानात चिकटवलेली फिल्म त्यात मोडत नाही. मानकांच्या परिभाषेकडे पाहता हे दुसरे मत अधिक काटेकोर वाटते. मात्र मर्यादेचा हेतू दृश्यमानता राखणे हा असेल, तर मापकावर उत्तीर्ण होणारी नुसती काच आणि तितकीच उत्तीर्ण होणारी फिल्म लावलेली काच यांत चालकाच्या डोळ्याला फरक पडत नाही, हेही नाकारता येत नाही. एका राज्याच्या उच्च न्यायालयाच्या निर्णयावर विसंबून अन्यत्र फिल्म लावणे जोखमीचे आहे.

इतर देशांत भर पुढच्या भागावर दिसतो. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ पासून वापरात आलेल्या गाड्यांना पुढील काचेसाठी ७५ आणि पुढील दारांच्या काचांसाठी ७० टक्के किमान पारगमन लागते. मागील काचांना अशी मर्यादा नाही. फ्रान्सने पुढील बाजूच्या काचांसाठी ७० टक्क्यांची अट १ जानेवारी २०१७ पासून लागू केली. अमेरिकेत चालकाच्या दृष्टीसाठी आवश्यक काचांना संघराज्याच्या मानकानुसार ७० टक्के लागतात, पण नंतर लावलेल्या फिल्मचे नियम राज्यागणिक बदलतात. मागील काचेलाही ७० टक्क्यांची अट घालणारा भारतीय नियम त्या मानाने कडक आहे.

झेड व झेड प्लस सुरक्षा असलेल्या व्यक्तींच्या वाहनांना सूट मिळू शकते. उल्लंघनावर सामान्यतः मोटारवाहन अधिनियमाच्या कलम १७७ खाली कारवाई होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्यास ५०० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक गुन्ह्यास १,५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.