एनडीएचा अर्ज: कोणते कागद लागतात, कोणते उगाच गोळा करता

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या बऱ्याच घरांत एक जाडजूड फाइल तयार व्हायला लागते. डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, चित्रकलेची एलिमेंटरी, कराटेचा पिवळा पट्टा, एनसीसीचे 'ए' सर्टिफिकेट, वक्तृत्व स्पर्धेचे उत्तेजनार्थ बक्षीस. पोराला किंवा पोरीला एनडीएला, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, पाठवायचे आहे, तेव्हा फाइल भक्कम हवी, असा आईबाबांचा हिशेब. प्रबोधिनी खडकवासल्याला असली तरी अर्ज जातो दिल्लीला, यूपीएससीकडे, आणि त्या अर्जाला यातला जवळजवळ एकही कागद लागत नाही. एनडीएत जातीनिहाय आरक्षण नाही, राज्याचा कोटा नाही, एनसीसीचे वाढीव गुण नाहीत. (एनसीसीची म्हणून जी खास भरती असते ती पदवीधरांसाठी. ती वेगळी.) बारावीचे टक्केसुद्धा गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पास असलात की झाले.

मग लागते काय?

वय साडेसोळा ते साडेएकोणीस, तेही कोर्स सुरू होतो त्या सुमारास. जाहिरातीत जन्माच्या दोन तारखा दिलेल्या असतात, त्यांच्यामध्ये तुमची तारीख बसली पाहिजे. एका दिवसाचीही सूट नाही. अविवाहित हवे. मुलींना 2021 पासून परीक्षा देता येते. त्यांची पहिली तुकडी, 17 जणींची, मे 2025 मध्ये खडकवासल्याहून पास आउट झाली. शिक्षण बारावी पास, किंवा बारावीत शिकत असलेले. अकरावीवाल्यांना बसता येत नाही.

खरी मेख अकरावीच्या प्रवेशातच आहे. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. हवाई दल, नौदल आणि नौदल अकादमीसाठी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्ही हवेत. आपल्याकडे अकरावी सायन्सला 'नीटचं बघू' म्हणून मॅथ्स सोडणारी मुले कमी नाहीत. पुढे सहा महिन्यांनी त्यांना लढाऊ विमान चालवायची इच्छा होते, तेव्हा दार बंद झालेले असते. भूदलाचा मार्ग उरतो, पण परीक्षेत गणिताचा 300 गुणांचा पेपर तरीही द्यावाच लागतो. म्हणजे गणित सोडूनही गणित सुटत नाही. अर्ज मजबूत करायचा असेल तर पहिले काम हे: प्रवेशाच्या फॉर्मवर विषय निवडताना मॅथ्स ठेवा.

परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. त्यांच्या जाहिराती डिसेंबरच्या आणि मेच्या सुमारास येतात. म्हणजे बारावीचे वर्ग नुकते सुरू होत असतानाच पहिली संधी दारात असते, आणि ती 'आधी बोर्ड होऊ दे' म्हणून हुकवणारे फार. वयाच्या मर्यादेत एकूण चार-पाचच खेपा हाताशी असतात.

फॉर्म ऑनलाइनच. आधी नोंदणी, मग एक सामाईक अर्ज, मग त्या परीक्षेपुरती माहिती. फी 100 रुपये. मुली, अनुसूचित जाती-जमातीचे उमेदवार, तसेच सैन्यातले जेसीओ (कनिष्ठ अधिकारी) आणि जवान यांची मुले यांना फी माफ आहे. माझे कळकळीचे सांगणे, नोंदणीला मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. ओळखीतल्या एका मुलाचा फॉर्म एका कॅफेवाल्याने 'लवकर होतं' म्हणून आपलाच ईमेल टाकून भरला होता. दोन महिन्यांनी प्रवेशपत्राच्या वेळी ते दुकानच बंद. शनिवारवाड्यापासून नारायण पेठेपर्यंत त्याचा पत्ता विचारत फिरलो होतो आम्ही.

नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच. इथे मराठी घरांची हमखास गोची होते. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी. कुठे वडिलांच्या नावापुढे 'राव' लागलेला, कुठे नाही. फॉर्म भरण्याच्या रात्री हे कळून उपयोग नाही, आधार दुरुस्तीला वेळ लागतो. दहावी झाली की दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. जन्मतारखेला पुरावा म्हणून महापालिकेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, पत्रिका यांतले काहीही यूपीएससी घेत नाही, आणि पत्रिकेचा उल्लेख मी गमतीने करत नाही, तो त्यांच्या नियमातच आहे.

सेवांचा पसंतीक्रम विचारून भरा. परीक्षा केंद्र 'आधी येईल त्याला आधी' पद्धतीने मिळते, त्यामुळे शेवटच्या रात्री फॉर्म भरणाऱ्याला पहाटेची एसटी धरून परगावी जावे लागू शकते. फोटोत जसे दिसता तसेच परीक्षेपर्यंत राहा. फोटोत दाढी आणि परीक्षेला चकचकीत, हे नको.

लेखी परीक्षेबद्दल थोडक्यात: गणित 300, सामान्य क्षमता 600, दोन्ही पेपर अडीच-अडीच तासांचे, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण वजा. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. क्लास कोणता लावायचा हे सदाशिव पेठेतली कोणतीही भिंत तुम्हाला सांगेल.

लेखीचे 900 आणि एसएसबीचे, म्हणजे सेनादलांच्या निवड मंडळाच्या चाचण्या-मुलाखतीचे, 900, एकूण 1800. लेखीचा निकाल लागल्यावर दोन आठवड्यांच्या आत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. पास होऊन हे विसरणारेही असतात. एसएसबीचे केंद्र पुण्यात नाही. भोपाळ, बेंगळुरू, प्रयागराज असे कुठे तरी पाच दिवस जायचे.

आणि तिथे तुमच्यासमोर एक फॉर्म येतो, पीआयक्यू, म्हणजे स्वतःबद्दलच्या माहितीची प्रश्नावली. माझ्या मते खरा अर्ज हाच. घरी कोण कोण, आईवडील काय करतात, कुठे वाढलात, गुण किती, कोणते खेळ, कोणते छंद, कुठली जबाबदारी घेतली. मुलाखत घेणारा अधिकारी हाच कागद समोर ठेवून बसतो.

माझ्या भाच्याने पहिल्या खेपेला छंदांच्या रकान्यात पाच गोष्टी लिहिल्या: ट्रेकिंग, गिटार, वाचन, फोटोग्राफी, सायकलिंग. गिटारचे त्याचे चार क्लास झाले होते. अधिकाऱ्यांनी तिथेच धरले. मग सिंहगडावर आले. हा बहाद्दर आतकरवाडीतून चाळीसेक वेळा गड चढलेला. "कल्याण दरवाजाने उतरलास कधी?" नाही. "तिकडून खाली कुठलं गाव लागतं?" माहीत नाही. दर रविवारी वर जायचे, पिठलं-भाकरी, मटक्यातले दही, आणि आल्या वाटेने खाली. चाळीस वेळांत एकदाही कुतूहल वाटले नाही, हे त्या दोन प्रश्नांत उघडे पडले. शिफारस झाली नाही.

घरी आल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कल्याण दरवाजाने उतरून आला.

पुढच्या खेपेला त्याने दोनच गोष्टी लिहिल्या. एक ट्रेकिंग, दुसरे गल्लीतल्या गणपती मंडळाचे काम. दोन वर्षे वर्गणीची पावतीपुस्तके त्याच्याकडे होती. मुलाखतीचा मोठा भाग त्या पावतीपुस्तकांवरच गेला: कोणी वर्गणी नाकारली तर काय केलेस, हिशेब कोणाला दाखवलास, डीजे लावायचा की नाही यावर भांडण झाले तेव्हा तू कोणत्या बाजूला होतास. सगळ्याला उत्तरे होती, कारण सगळे घडलेले होते. त्या मंडळाने कुठलेही सर्टिफिकेट दिले नव्हते.

म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांना मी सांगतो, नव्या नव्या गोष्टींच्या मागे धावू नका. जे करता तेच जरा खोलात जाऊन करा. टीममध्ये खेळायचा एखादा खेळ, रोजचे वर्तमानपत्र, तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर सकाळची धाव. इंग्रजी बोलायची सवय घरातच लावा, व्याकरण चुकले तरी.

शिफारस झाल्यावर मेडिकल. भाच्याला तिथे दातांनी अडवले. अपीलची मुदत मिळाली, तेवढ्यात फिलिंग करून निभावले. पण दात, कान, नाकाचे हाड, सपाट तळवे, रंगांधळेपणा हे सगळे साध्या डॉक्टरकडे आधीच तपासून घेता येते. रंगांधळेपणाला इलाज नाही, तो कळला तर निदान पसंतीक्रम शहाणपणाने ठरवता येईल. टॅटू फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर महाराजांची राजमुद्रा गोंदवायची हौस असेल तर थांबा.

एसएसबीला जाताना फाइलमध्ये इतकेच: कॉल लेटर, दहावीचे मूळ प्रमाणपत्र, बारावीचे गुणपत्रक, किंवा अजून शिकत असाल तर कॉलेजचे बोनाफाइड, ओळखपत्र, डझन-दीड डझन पासपोर्ट फोटो, आणि कॉल लेटरमध्ये सांगितले असेल ते पालकांच्या सहीचे जोखीमपत्र. ही सही निघायच्या दिवशी स्टेशनवर घेऊ नका, बाबा नेमके ऑफिसात असतात. पहिल्यांदाच जात असाल तर प्रवासभाडे परत मिळते, तेव्हा रेल्वेचे तिकीट टाकून देऊ नका.