शाईचा सूर

मागच्या श्रावणात माझ्या तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, सुटायला लागली, म्हणून तो पुडी (वरचं ताणलेलं चामडं) बदलायला नेला. कारागिरानं लोखंडाची पूड, काजळी आणि पिठाची खळ यांचा लगदा पुडीच्या मधोमध लावला आणि गुळगुळीत दगडानं घोटत बसला. थर सुकेपर्यंत घोटायचं, मग त्याहून लहान दुसरा थर. हे तासन्‌तास. नाही घोटलं तर? म्हणाला, "शाईचा दगड होईल. बोलणार नाही."

घोटताना शाईला केसासारख्या भेगा पडतात. अखंड दिसणारा तो काळा गोल म्हणजे खरं तर शेकडो सुटे कण. त्यामुळे चामडं जड होतं, पण ताठरत नाही.

हा जडपणा कशाला हवा? तार छेडली की मूळ सुरासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात, आणि कानाला ते सगळे मिळून एकच सूर वाटतात. ताणलेलं नुसतं गोल चामडं या पाढ्यात बसत नाही. त्याचे उपस्वर १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे आडमुठे. म्हणून ताशाची पट्टी कोणती, असं कुणी विचारत नाही. तबला मात्र गायकाच्या षड्जाला लावता येतो.

हे कोडं सी. व्ही. रामन यांनी हातात घेतलं. १९२० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एका सहकाऱ्यासोबत छोटं टिपण लिहिलं, १९३४ साली सविस्तर निबंध. मधल्या काळात नोबेल मिळून गेलं होतं, तरी मृदंग-तबला काही सुटला नव्हता! त्यांची युक्ती साधी होती. पुडीवर बारीक वाळू भुरभुरवायची. चामडं जिथं थरथरतं तिथून वाळू उडते आणि जिथं स्थिर असतं त्या रेषांवर गोळा होते. अशी नऊ प्रकारची कंपनं सापडली, पण सूर मात्र पाचच: मूळ सूर आणि त्याच्या दोन, तीन, चार, पाच पट. तिसऱ्या-चौथ्या सुरावर दोन-दोन कंपनं येऊन बसलेली, पाचव्यावर तीन. शाईच्या वजनानं त्यांना पाढ्यात आणून बसवलं होतं.

यावरून 'आपल्या पूर्वजांना ध्वनिशास्त्राची समीकरणं ठाऊक होती' असं कुणी म्हणू लागलं, तर मला पटत नाही. समीकरण नव्हतं, कान होता. शाई थोडी जास्त, थोडी कमी, आणि जी पुडी गोड वाजली तिच्यासारखी पुढची. मला यात जास्त अप्रूप वाटतं.

वादकाचं बोटही तसंच. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली असते. त्यानं मूळ सूर दबतो आणि दुप्पट कंपनाचा सूर मोकळा वाजतो, कारण त्या कंपनाची स्थिर रेष बोटाखालूनच जाते. गुरुजी एवढंच सांगायचे, "टेकव, दाबू नकोस."

कारागिरानं शेवटी मोबाइलवर तंबोरा लावला, चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावर, टिचकी मारली, मान हलवली आणि पुन्हा दगड उचलला.