येशूची मूर्ती किंवा तसबीर घडवायला देण्यापूर्वी

आमच्या वसईच्या कारखान्यात तसबिरी मढवल्या जातात, क्रूस आणि मूर्ती घडतात, जुन्या मूर्तींची डागडुजी होते. ऑर्डर द्यायला आलेल्या घरांमध्ये एक वाद हमखास निघतो. आजीला गोरा, तांबूस केसांचा, निळ्या डोळ्यांचा येशू हवा असतो, कारण तिच्या माहेरच्या भिंतीवर तोच होता. नातू म्हणतो, प्रभू गालिलातला यहुदी होता, सावळा करा. सुनेच्या मोबाइलवर तिसराच चेहरा असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘हाच येशूचा खरा चेहरा’. पैसे तुमचे, मूर्ती तुमच्या घरात कित्येक वर्षं राहणार. म्हणून काय ठाऊक आहे आणि काय नाही ते आधीच वाचून घ्या, मग घरात बसून ठरवा.

आमच्याकडे ‘खरा चेहरा’ मिळत नाही. तो कोणाकडेच नाही. त्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

चारही शुभवर्तमानं वाचून पाहा. येशूची उंची, वर्ण, केस, डोळे, कशाबद्दलही एक ओळ नाही. त्याच्या अंगरख्याबद्दल मात्र आहे: तो वरपासून खालपर्यंत एकसंध विणलेला होता, म्हणून शिपायांनी तो फाडला नाही, चिठ्ठ्या टाकल्या. आणखी एक प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. गेथशेमानीच्या बागेत धरायला आलेल्या माणसांना तो ओळखू यावा म्हणून यहूदाला चुंबनाची खूण ठरवावी लागली. बारा शिष्यांमध्ये तो चटकन उठून दिसत असता तर खुणेची गरज पडली नसती. उंच, सोनेरी केसांचा, सगळ्यांहून वेगळा असा येशू त्या प्रसंगात बसत नाही.

वर्णन नसल्यामुळे वाद सुरुवातीपासूनच आहे. यशया संदेष्ट्याच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःख सोसणाऱ्या सेवकाला रूप नव्हतं, शोभा नव्हती असं म्हटलंय. ते धरून टर्टुलियन आणि अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकांनी प्रभू दिसायला साधा होता असं लिहिलं. पंचेचाळिसाव्या स्तोत्रात राजाला सर्व मानवांहून सुंदर म्हटलंय; संत जेरोमसारख्यांनी ते धरलं. दोन्ही बाजूंनी शास्त्रवचनं मांडली, पाहिलेलं कोणीच नव्हतं. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला सरळ लिहिलं की प्रत्येकजण प्रभूचा चेहरा आपल्या मनाने वेगळा कल्पितो, तो प्रत्यक्षात कसा होता ते आपल्याला मुळीच ठाऊक नाही.

दाढी कधी आली

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर ऐकून लोक थबकतात. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपस नावाचं गाव होतं. तिथल्या एका घरात भरणाऱ्या चर्चच्या भिंतींवर इसवी सन २३५च्या सुमाराची चित्रं सापडली. एका चित्रात येशू पक्षाघाताच्या रोग्याला बरं करतो आहे, रोगी आपली खाट पाठीवर घेऊन निघाला आहे. येशूचे केस आखूड आहेत आणि दाढी नाही. ते चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे. रोमच्या भुयारी दफनभूमींतही तो बहुतेकदा खांद्यावर मेंढरू घेतलेला बिनदाढीचा तरुण मेंढपाळ आहे.

लांब केस आणि दाढी चौथ्या शतकापासून रुळली. तोवर रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्माला जवळ केलं होतं. सिंहासनावर बसलेला, अधिकारवाणीने बोलणारा प्रभू रंगवायचा तर चित्रकारांपुढे नमुने होते ते देवादिकांचे आणि तत्त्वज्ञांचे, आणि त्यांना दाढी होती. इटलीत राव्हेन्नाच्या सांत अपोलिनारे नुओवो या चर्चमध्ये सहाव्या शतकातलं मोझेक काम आहे. तिथे चमत्कार करणारा येशू बिनदाढीचा आहे आणि त्याच चर्चमध्ये दुःखसहनाच्या प्रसंगांत दाढीवाला. त्या काळच्या भाविकांना दोन्ही चालत होते. म्हणून कोणी बिनदाढीचा उत्तम मेंढपाळ मागितला तर आम्ही आनंदाने करतो; ती नवी टूम नाही, दाढीवाल्या प्रभूपेक्षा जुनी रीत आहे.

काही ग्राहक लेंटुलस नावाच्या रोमन अधिकाऱ्याचं पत्र छापून आणतात. त्यात पिकल्या हेझलनटच्या रंगाचे केस, मधोमध भांग, टोकाशी दुभंगलेली आखूड दाढी असं येशूचं बारीक वर्णन आहे, आणि त्याला हसताना कोणी पाहिलं नाही असंही लिहिलंय. हे पत्र बनावट आहे. या नावाचा कोणी अधिकारी यहुदियात नव्हता, मजकूर मध्ययुगातला आहे, आणि पंधराव्या शतकातच लोरेन्झो वाल्ला या विद्वानाने ते खोटं ठरवलं होतं. तेव्हा हसरा येशू हवा असेल तर बिनधास्त सांगा.

तुमच्या भिंतीवरचा चेहरा कुठून आला

पवित्र हृदयाची जी तसबीर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिचं मूळ रोममधल्या जेझू चर्चमध्ये आहे. अठराव्या शतकात पोम्पेओ बातोनी या इटालियन चित्रकाराने ते चित्र तांब्याच्या पत्र्यावर रंगवलं. त्याने चेहरा स्वतःच्या देशातल्या माणसाचा काढला. दिव्य दयेची तसबीर त्याहून बरीच नवी आहे. पोलंडमधल्या संत फॉस्टिनाला १९३१ मध्ये येशूचं दर्शन झालं आणि १९३४ मध्ये चित्रकार काझिमिरोव्स्कीने ते चित्रात उतरवलं. चित्र पाहून ती रडली, कारण तिने पाहिलेलं सौंदर्य त्यात नव्हतं. आपल्याकडे जास्त खपतं ते चित्र हिवा नावाच्या दुसऱ्या चित्रकाराचं. मधाळ उजेडातला, वर पाहणारा चेहरा अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॅलमनचा, १९४० सालचा. त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या.

ट्युरिनच्या कफनावरचा, म्हणजे प्रभूचा देह ज्यात गुंडाळला होता असं मानलं जातं त्या कापडावरचा, चेहरा आम्ही छापून देतो. मागच्या बाजूला त्याची माहितीही चिकटवतो: १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी केलेल्या कार्बन चाचणीत कापड १२६० ते १३९० या काळातलं निघालं. त्या निष्कर्षावर काही अभ्यासकांचे आक्षेप आहेत. चर्च त्या कफनाचा आदर करतं, पण ते प्रभूचंच असल्याची ग्वाही अधिकृतपणे देत नाही.

मोबाइलवर फिरणारा रुंद चेहऱ्याचा, कुरळ्या आखूड केसांचा सावळा माणूस हे ब्रिटिश तज्ज्ञ रिचर्ड नीव्ह यांचं २००१ सालचं काम. पहिल्या शतकातल्या, जेरुसलेम परिसरातल्या एका कवटीवरून त्यांनी त्या काळचा माणूस कसा दिसत असेल ते दाखवलं. ती कवटी येशूची नव्हती, तसा दावाही नव्हता. जोन टेलर यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक असताना सांगाडे, नाणी, कापडांचे अवशेष आणि जुनी चित्रं तपासून काढलेला अंदाज आम्हाला जास्त पटतो: गव्हाळ-तपकिरी वर्ण, काळेभोर केस, तपकिरी डोळे, उंची साधारण १६६ सेंटिमीटर, गुडघ्यापर्यंतचा साधा अंगरखा. घोळदार लांब झगे घालून मिरवणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभूने स्वतःच टीका केली होती. एवढं असूनही पायघोळ पांढरा झगा आम्ही करतो, कारण लोकांना तो हवा असतो. पण आखूड अंगरख्याची मूर्ती कोणी मागितली की आमच्या कारागिरांचा हात जास्त रमतो.

वर्णाबद्दल आमचं मत लपवणार नाही. निळ्या डोळ्यांच्या चित्रात प्रभूचं यहुदी असणं पुसलं जातं, आणि युरोपात यहुद्यांचा छळ करणाऱ्यांना ते पुसलेलं सोयीचं होतं. म्हणून सल्ला विचारलात तर आम्ही गव्हाळ रंग सुचवतो. तरीही आजीची तसबीर चुकीची आहे असं आम्ही कधी म्हणणार नाही. तिने आयुष्यभर त्या चेहऱ्यापुढे रोझरी म्हटली आहे. इथिओपियाच्या चित्रकारांनी त्याला आपल्या वर्णाचा काढला. गोव्यात सतराव्या शतकातल्या हस्तिदंती कोरीव कामात डोंगरावर बसलेला बाल मेंढपाळ डोळे मिटून, गालाला हात लावून विसावलेला दिसतो, त्याच्यात बुद्धमूर्तीची छटा आहे. आणि अँजेलो द फोन्सेका यांना तर आपण सगळ्यांनी ओळखायला हवं. गोव्याचे, शांतिनिकेतनात शिकलेले, मायदेशी त्यांच्या भारतीय वळणाच्या धार्मिक चित्रांना विरोध झाला, म्हणून पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ मध्ये वारेपर्यंत साडीतली मरियामाता रंगवत राहिले. त्यांची बरीच चित्रं आता पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. जमेल तेव्हा मुलांना घेऊन जाऊन पाहा.

ऑर्डर देताना

मातीचा नमुना तयार झाला की चेहरा पाहायला घरातल्या सगळ्यांनी या. साचा काढल्यावर नाक-जिवणी बदलता येत नाही. वर्णाच्या छटा आम्ही फळीच्या तुकड्यांवर लावून, वाळवून देतो. त्या दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली गव्हाळ रंग फिकट आणि हिरवट दिसतो. डोळे सर्वांत शेवटी रंगवतो, त्यामुळे बुबुळांचा रंग तोवर कळवला तरी चालेल.

जुनी मूर्ती रंगवायला दिलीत तर आहे तोच वर्ण ठेवतो. बदलायचा असेल तर आधी भावंडांना विचारा, कारण रंग देऊन झाल्यावर भांडण झालं तर जुना थर परत आणता येत नाही. चर्चच्या वेदीवरची किंवा गावच्या क्रुसावरची मूर्ती असेल तर धर्मगुरूंची लेखी संमती लागेल.

नाशिकरोडच्या यात्रेसाठी बाल येशू करून घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: ती मूर्ती प्रागमधल्या मूर्तीच्या वळणाची आहे. मूळ मूर्ती लाकडाची, वरून मेणाची, सुमारे ४७ सेंटिमीटर उंचीची. १६२८ मध्ये ती तिथल्या कार्मेल संघाच्या मठाला मिळाली. चेहरा सावळा हवा असल्यास करून देतो, पण उंची, आशीर्वादाचा उजवा हात आणि डाव्या हातातला गोल तसेच ठेवतो, नाहीतर तयार मिळणारे झगे आणि मुकुट बसत नाहीत.