पार्श्वभूमी : बाजारातलं पाणी कुणाच्या हक्काचं?

भर दुपारी भाजीवालीच्या पाटीशेजारची बादली पाहा. पहाटे भरून आणलेल्या त्याच पाण्यात जुड्यांची माती निघते, सुकू नयेत म्हणून तेच त्यांच्यावर शिंपडलं जातं आणि हातही त्यातच बुचकळले जातात. प्यायची बाटली वेगळी असते, पण तीही ती घोटघोट पुरवते. कारण जास्त पाणी प्यालं तर लघवीला जायचं कुठे? पाण्याच्या हक्काचा इतिहास मला या बादलीपासूनच वाचावासा वाटतो.

बाजाराला पाणी लागतं, हे फार पूर्वीच उमगलेलं होतं. रोम शहराला पाणी पुरवणारा पहिला कालवा, इ.स.पू. 312 मधला आक्वा आप्पिया, गुरांच्या बाजाराजवळ येऊन संपत असे.

हक्काची कायदेशीर भाषा मात्र अलीकडची. 1964 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दुकानं आणि कार्यालयांतल्या आरोग्यासाठी करार क्रमांक 120 केला. कामगारांना पुरेसं, पिण्यायोग्य पाणी मिळालं पाहिजे, हात धुण्याची आणि शौचाची सोय हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण ही भाषा नोकरदारांची. स्वतःची पाटी मांडून बसणारीला मालकच नसतो, मग तिने पाणी मागायचं कुणाकडे? माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

1977 साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या पाणी परिषदेने मूलभूत गरजेपुरतं पिण्याचं पाणी हा सर्वांचा हक्क मानला. 1991 मध्ये पेरूत कॉलरा पसरला आणि एका वर्षात तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले. न उकळलेलं पाणी आणि रस्त्यावर विकली जाणारी पेयं यांतून लागण झाल्याचं तपासात दिसलं. दोष विक्रेत्यांच्या माथी मारणं सोपं असतं. त्यांच्यापर्यंत स्वच्छ पाणी कधी पोहोचलंच नव्हतं, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

2002 च्या सामान्य टिप्पणी क्रमांक 15 मध्ये, म्हणजे हक्काचा अर्थ उलगडणाऱ्या दस्तऐवजात, संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या समितीने पाणी पुरेसं, सुरक्षित आणि परवडणारं असावं, शिवाय ते घर, शाळा आणि कामाच्या ठिकाणी किंवा अगदी जवळ मिळावं, असं लिहिलं. ‘कामाचं ठिकाण’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. बाजाराचं नाव नसलं, तरी बाजार त्यात बसतो. 28 जुलै 2010 रोजी बोलिव्हियाने मांडलेला ठराव संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत 122 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. 41 देश तटस्थ राहिले. पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क ठरला.

मोजमाप मात्र अजून प्रामुख्याने घराचंच होतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ घरं, शाळा आणि दवाखाने यांतल्या पाण्याची आकडेवारी ठेवतात. घरी सुरक्षित पाण्याचा नळ असला की भाजीवालीची गणती ‘पाणी मिळालेल्यां’त होते. ती दिवसभर जिथे बसते, तिथे नळ आहे का, हे त्या आकडेवारीत विचारलं जात नाही.