डाकीण प्रथा

एखादी बाई करणी करून माणसे-गुरे मारते असा आळ घेऊन तिचा छळ करण्याची, तिला गावाबाहेर काढण्याची, प्रसंगी जिवे मारण्याची प्रथा. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) व अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांत असे प्रकार घडत आले आहेत. वारली पाड्यांवर अशा बाईला ‘भुताळी’ म्हणतात, झारखंड-बिहारात ‘डायन’, छत्तीसगडात ‘टोनही’.

सुरुवात बहुधा आजारपणापासून होते. पोर तापाने फणफणते, दुभती म्हैस एकाएकी आटते. दवाखाना लांब, भगत जवळ. भगत सुपात तांदळाचे दाणे टाकतो, बोटाने फिरवत पुटपुटतो आणि ‘ओढ्यापलीकडचं घर’ एवढेच सांगतो. नाव वाटेने परतताना घरची माणसेच ठरवतात. पुष्कळदा ते आधीपासून मनात असतेच. त्यानंतर पोर दगावले, तर ‘डाकिणीनं खाल्लं’ हे वाक्य पाडाभर होते. त्या बाईला कुणी बारशाला बोलावत नाही, ती पाणवठ्यावर आली की बाया कडेवरची पोरे पदराआड घेतात. मग पंच बसतात, दंड होतो, मारहाण होते.

आळ येतो तो मुख्यतः विधवा, निपुत्रिक किंवा एकट्या राहणाऱ्या बाईवर, आणि तिच्या नावावर नसली तरी ताब्यात असलेली जमीन हे त्याचे एक मोठे कारण आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 अनुसूचित जमातींना लागू नाही. तेथे रूढी चालते. झारखंडच्या संथाळ व हो समाजांत विधवेला नवऱ्याची जमीन हयातीपुरती कसता येते, तिच्यामागे ती दीर-पुतण्यांकडे जाते. म्हणजे तिचे जगणे लांबेल तितका त्यांचा वाटा लांबतो. या रूढीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा 1996 च्या निकालात उपजीविकेसाठी जमिनीवर राहण्याचे बायकांचे संरक्षण मान्य झाले, पण पुरुषवारसाची रूढी रद्द झाली नाही. शिवाय मंत्राची ताकद पुरुषाकडे असली तर तो भगत म्हणून मान मिळवतो. बाईकडे ती असल्याचा नुसता संशयही तिच्या जिवावर बेततो.

मेवाडच्या राजवटीने 1853 मध्ये या प्रथेवर बंदी घातली होती. बिहारने 1999 मध्ये स्वतंत्र कायदा केला, पण एखादीला डायन ठरवण्याची त्यातली शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा हजार रुपये दंड, अशी फारच तोकडी आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली आणि वर्षानुवर्षे अडलेला जादूटोणाविरोधी कायदा काही दिवसांतच वटहुकूम म्हणून आला. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. झारखंडच्या छुटनी महतो स्वतः डायन ठरवल्या गेल्या, छळातून वाचल्या आणि पुढे इतर बायकांना सोडवत राहिल्या. आसामच्या बिरुबाला राभा यांनीही याच कामात आयुष्य घातले. दोघींना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

खटला उभा राहणे मात्र अवघड असते. मारणारे नात्यातले, पाहणारे शेजारचे, पंच गावचेच. साक्ष द्यायला कोण येणार? तक्रार करून परतलेल्या बाईला त्याच पाणवठ्यावर पाणी भरायचे असते.