प्रतीक्षास्थळांतील परस्परसंवादी नाद-प्रकाश मांडणशिल्पे

रेल्वेचे फलाट, बसथांबे, विमानतळ, रुग्णालयांतील प्रतीक्षाकक्ष अशा ठिकाणी ताटकळलेल्या माणसाच्या स्पर्शाला, हालचालीला किंवा नुसत्या जवळ येण्याला सुरांनी आणि प्रकाशाने उत्तर देणाऱ्या कायम वा तात्पुरत्या रचना. चौकातला पुतळा कोणी पाहिला नाही तरी पूर्णच असतो. हे मांडणशिल्प मात्र कोणाचा तरी हात लागेपर्यंत अपुरे राहते. त्याच्या आखणीत शिल्पकार, संगीतकार, विद्युत अभियंता आणि लोहारकाम करणारा कारागीर अशा सगळ्यांचा वाटा असतो. पुढे त्याची देखभाल करणाऱ्या माणसाचा विचारही आखणीच्या पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

वाट पाहणे किती लांबले हे घड्याळावर कमी आणि मनावर जास्त ठरते. हार्वर्डचे प्राध्यापक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये रांगांच्या मानसशास्त्राविषयी मांडलेले पहिलेच सूत्र असे, की रिकामा वेळ कशात तरी गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. ते खरेच आहे. पण या कलाप्रकाराचे मोल केवळ वेळ ‘मारण्या’वर मोजले तर त्याची निम्मी गंमत हातातून निसटते. थांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या, एरवी एकमेकांकडे न पाहणाऱ्या माणसांमध्ये तो क्षणभराचे नाते जुळवतो, आणि चांगल्या रचनेची ओळख तिथेच पटते.

सार्वजनिक जागेतील प्रत्येक ध्वनिरचना या वर्गात येत नाही. जपानमध्ये 1989 पासून टोकियोच्या शिंजुकू आणि शिबुया स्थानकांवर कर्कश घंटेऐवजी गाडी सुटण्याच्या छोट्या धून वाजू लागल्या. प्रवाशांची घाई-धांदल कमी व्हावी हा त्यामागचा हेतू होता. त्या धून प्रवासी फक्त ऐकतो. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील त्रिकोणी वाहतूक-बेटावर मॅक्स न्यूहाउस यांनी 1977 मध्ये जाळीखालून घुमणारा एक सलग नाद बसवला. 1992 मध्ये तो थांबला आणि 2002 मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथे एकही पाटी नाही, ज्याला ऐकू येईल त्याने थबकावे. त्या नादावरून चालत जाणाऱ्याला तो बदलता येत नाही. तरीही सूचना न देता माणसाला थांबवण्याची त्याची रीत पुढच्या अनेक कामांत उतरली आहे.

यांत्रिक पद्धतीचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण अमेरिकेतील केंब्रिज शहरात आहे. तिथल्या केंडल/एमआयटी (एमआयटी हे शेजारचे तंत्रज्ञान विद्यापीठ) या भुयारी स्थानकात, दोन रुळांच्या मधल्या जागेत, पॉल मॅटिस यांनी 1986 ते 1988 या काळात तीन वाद्ये उभारली. चित्रकार आंरी मॅटिस हे त्यांचे आजोबा. बॉस्टनच्या वाहतूक संस्थेने भुयारी मार्गाच्या विस्ताराबरोबर स्थानकांत कलाकृती बसवण्याचा उपक्रम हाती घेतला होता, त्यातलेच हे एक काम. ‘पायथागोरस’मध्ये सुरांत लावलेल्या 48 नळ्या टांगलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून सागवानी हातोडे झुलतात. ‘केप्लर’ म्हणजे ॲल्युमिनियमचे एक मोठे कडे. त्यावर हातोडे आपटले की त्याचा गुंजारव कितीतरी वेळ विरत राहतो. ‘गॅलिलिओ’ हा धातूचा मोठा पत्रा हलवला की मेघगर्जनेसारखा गडगडतो. या सगळ्यात वीज कुठेही नाही. फलाटाच्या भिंतीवरचा दांडा प्रवासी पुढे-मागे ओढतो आणि पलीकडे हातोडे हलू लागतात.

मॅटिस यांच्या रचनेतली खुबी विलंबात आहे. दांडा एकदा ओढून काहीच होत नाही. झोपाळ्याला जसा ठेका धरून रेटा द्यावा लागतो, तसे लयीत ओढत राहिले की झोका वाढत जातो आणि मग हातोडा नळीपर्यंत पोहोचतो. गाडी यायला काही मिनिटे असलेल्या माणसाला हा काळ नेमका पुरतो. घाईने खेचणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही, लय सापडलेल्याला सूर मिळतो. वाट पाहण्याचा स्वभावच इथे वाद्याच्या यंत्रणेत ओवला आहे.

न्यूयॉर्कच्या 34व्या रस्त्यावरील हेराल्ड स्क्वेअर स्थानकात क्रिस्टोफर जॅनी यांनी 1990च्या दशकाच्या मध्यात बसवलेली ‘रीच’ ही रचना याच कामी इलेक्ट्रॉनिकी वापरते. फलाटावर डोक्याच्या उंचीपेक्षा वर एक लांब हिरवी पट्टी टांगलेली असते आणि तिच्यात संवेदक असतात. हात वर करून त्यांच्यासमोर नेला की मरिंबा (लाकडी पट्ट्यांचे वाद्य), बासरी किंवा जंगलातले आवाज उमटतात. पट्ट्या समोरासमोरच्या दोन्ही फलाटांवर आहेत. त्यामुळे रुळांपलीकडच्या अनोळखी माणसाबरोबर, एक शब्दही न बोलता, सवाल-जवाब रंगू शकतो. हात वर करणे ही खूणही विचारपूर्वक निवडलेली दिसते, कारण हात उंचावलेला माणूस लांबूनही दिसतो.

अशा वाद्यावर चुकीचा सूर लागूच नये, हा आखणीचा बहुतेक सर्वमान्य नियम आहे. येणारा प्रवासी शिकलेला वादक नसतो, आणि चारचौघांत बेसूर वाजले तर तो लाजून हात मागे घेतो. म्हणून पुष्कळ रचनाकार औडव, म्हणजे पाच स्वरांच्या समूहाकडे वळतात. आपल्या भूपाचे स्वर (सा, रे, ग, प, ध) घेतले तर कोणतेही दोन एकत्र वाजवले तरी कानाला खटकत नाहीत, कारण लगतच्या कोणत्याही दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर नाही. पाच-सहा अनोळखी माणसे एकाच वेळी काहीही वाजवू लागली तरी त्याचा गोंगाट होत नाही. उलट बाजूही आहे. नुसते गोड आणि नुसते सुरक्षित ऐकून दुसऱ्या आठवड्यात रोजचा प्रवासी त्याकडे पाहणेही सोडतो. म्हणून पहिला सूर सोपा आणि मागे दडलेले काही हळूहळू उलगडणारे, अशी दुहेरी बांधणी लागते.

ही बांधणी कॅनडातील माँट्रियल शहरात 2011 मध्ये उभारलेल्या ‘21 बालांस्वार’ (एकवीस झोके) या कामात उत्तम साधली. कार्तिए दे स्पेक्ताक्ल या कलाविभागात, नवे संगीतगृह आणि विद्यापीठाची विज्ञानसंकुले यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात, ‘डेली तू ले जूर’ या संस्थेच्या मूना आंद्राओस आणि मेलिसा मॉंजिया यांनी एकवीस झोके टांगले. प्रत्येक झोका हलला की पियानो, गिटार, हार्प किंवा व्हायब्राफोनचा (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) सूर उमटतो. एकटा झोका आपलाच सूर वाजवत राहतो. शेजारचे झोके त्याच्या लयीत आले की एकट्याने कधीच न वाजणारी धून निघते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक लुक-आलँ जिराल्दो यांचा सल्ला या कामात घेतला होता. सहकार्य कशातून जन्मते हा त्यांच्या विषयाशी जोडलेलाच प्रश्न होता. रात्री बसण्याच्या फळ्या उजळतात, त्यामुळे कोणत्या लयीत कोण झुलते आहे ते लांबूनही कळते. आजीबाईला झोका कसा घ्यायचा हे सांगावे लागत नाही, आणि सूचनाफलक न लागणे ही या कामाची फार मोठी जमेची बाजू आहे. देवळात शिरताना घंटा कशी वाजवायची हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, तसेच ते आहे.

त्याच शहरात 2015-16च्या हिवाळ्यात, अंधार लवकर पडणाऱ्या दिवसांत, तीस उजळणाऱ्या ‘सीसॉ’ फळ्या मांडल्या गेल्या. लॅटरल ऑफिस आणि सीएस डिझाइन या रचनासंस्थांच्या या कामात फळी वर-खाली झाली की प्रकाश आणि आवाज दोन्ही बदलत. सीसॉ एकट्याला खेळताच येत नाही, त्यामुळे समोर कोणीतरी बसणे भाग पडते.

तांत्रिक बाजूत सर्वांत आधी येतो प्रतिसादाचा वेग. स्पर्श आणि सूर यांत सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा जास्त अंतर पडले तर ‘हे मी वाजवले’ ही भावना पातळ होऊ लागते. प्रकाशाचे दिवे आणि ध्वनी एका तालात ठेवण्यासाठी मिडी (1983, वाद्यांसाठी) आणि डीएमएक्स 512 (1986, दिव्यांसाठी) हे उपकरणांना एकमेकांशी जोडणारे जुने संकेत आजही सर्रास वापरतात, कारण ते साधे आहेत आणि कुठल्याही शहरात दुरुस्त करता येतात. आवाजाबाबत एकच मोठा ध्वनिक्षेपक लावण्यापेक्षा वाद्याजवळ लहान-लहान अनेक लावणे चांगले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे 6 डेसिबलने घटते, म्हणून लहान क्षेपकाचा आवाज वाजवणाऱ्यापाशीच राहतो. टाइल्सच्या भुयारी फलाटावर प्रतिध्वनी लांब रेंगाळतो. तिथे भरभर बदलणाऱ्या ताना एकमेकींत मिसळतात, संथ विरणारे नाद मात्र खुलतात. गाडीची उद्घोषणा होताच वाद्याने आपोआप मंद व्हायला हवे, यात तडजोड नाही.

प्रकाशाला सुरक्षेचे नियम आहेत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा दिवा अपस्मार असलेल्या काही व्यक्तींमध्ये झटका आणू शकतो, आणि लाल लखलखाट तर अधिकच धोक्याचा. रुळांजवळ लाल-हिरव्या रंगांनी सिग्नलचा भास होता कामा नये. दृष्टिहीन प्रवाशाला सुरावरून आणि बहिऱ्या प्रवाशाला प्रकाशावरून किंवा कंपनावरून तेच उत्तर मिळावे. चाकाच्या खुर्चीतून पोहोचेल अशी किमान एक जागा हवीच. डोक्यावर हात उंचावायला लावणारी रचना इथे कमी पडते.

आखणीत बहुधा विसरला जाणारा माणूस म्हणजे तिथला कर्मचारी. प्रवासी पाच मिनिटांत निघून जातो, तिकीट खिडकीतल्या बाईंना तीच धून आठ तास ऐकावी लागते. त्यांना विचारल्याशिवाय स्वर, आवाजाची पातळी किंवा बंद राहण्याच्या वेळा ठरवणे अन्यायाचे आहे. रात्रीची शांतता आणि आसपासच्या घरांची झोप यांचाही याच यादीत समावेश होतो.

शेवटी सगळे झिजीवर येते. हंपीच्या विठ्ठल मंदिरातील नाद देणारे दगडी खांब शतकानुशतके उभे आहेत, पण हातांच्या ठोक्यांनी त्यांची हानी होते म्हणून ते वाजवायला आता मनाई आहे. केंडल स्थानकातली वाद्येही हजारो हातांनी अनेकदा बंद पाडली. आरंभी बराच काळ मॅटिस स्वतः येऊन ती दुरुस्त करत. पुढे ती मुकी झाली तेव्हा 2010 च्या सुमारास एमआयटीतील विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी गट करून, रात्री गाड्या थांबल्यावर भुयारात उतरून, दांडे आणि जोडण्या पुन्हा घडवायचे काम हाती घेतले.