माचू पिचूचं तिकीट: पैसे भरायच्या आधी हे वाचा

"आम्हाला वायना पिचूवालं तिकीट काढून द्या, बाकीचं त्यातच येईल ना?" पेरूतल्या माचू पिचूला, म्हणजे इंकांच्या जुन्या दगडी शहराला, आमच्या टूरने जाणारा जवळपास प्रत्येक ग्रुप हे विचारतो (वायना पिचू म्हणजे त्या शहरामागचा सुळका), म्हणून लिहूनच देतोय. नाही येत. 2024 पासून आत तीन सर्किट, म्हणजे ठरवून दिलेल्या फिरायच्या वाटा, आहेत, तिकिटावर जे छापलंय त्याच वाटेने जायचं, वाट एकाच दिशेची, मागे फिरू देत नाहीत आणि एकदा बाहेर पडलात की त्या तिकिटावर परत आत घेत नाहीत.

आता फोटोचं. सगळ्यांच्या डोक्यात जो फोटो असतो, खाली दगडी शहर आणि मागे सुळका, तो मागचा सुळकाच वायना पिचू! फोटो निघतो समोरच्या बाजूला वर ज्या टप्प्याटप्प्याच्या शेतजमिनी आहेत तिथून, आणि तिथे सर्किट 1 आणि 2 जातात. वायना पिचू सर्किट 3 मध्ये येतं, ते खालच्या भागातून जातं, म्हणजे सुळका चढाल पण तो फोटो मिळणार नाही. सर्किट 1 मध्ये फोटो मिळतो पण शहरात शिरता येत नाही. पहिल्यांदा जाताय तर सर्किट 2 च घ्या, फोटोही होतो आणि इंकांचं ते चुना न वापरता बसवलेलं दगडकाम जवळून बघता येतं, ज्यासाठी खरं तर एवढ्या लांब जायचं. सुळकाही चढायचाच असेल तर दोन वेगळी तिकिटं लागतात, आम्ही एक दुपारचं आणि दुसरं पुढच्या सकाळचं असं बसवून देतो.

सर्किट कोणतं ते आम्ही लेखी मागतो, पासपोर्टचा स्कॅनही आधीच मागतो, काहींना ही कटकट वाटते, पण तिकिटावर नाव आणि पासपोर्ट नंबर असतो, गेटवर ओरिजनल पासपोर्ट बघतात, आणि काढलेलं तिकीट नंतर आम्हालाही बदलता येत नाही. पासपोर्ट रिन्यू करायचा असेल तर बुकिंगच्या आधी करा, प्लीज.

उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासाची भीती माचू पिचूची धरू नका, ते 2,430 मीटरवर आहे, विमान उतरतं ते कुस्को शहर साधारण 3,400 वर आणि डोकं तिथे दुखतं. म्हणून आमच्या टूरमध्ये पहिला मुक्काम कुस्कोत नसतो, उतरल्यावर थेट खाली ओल्लांतायतांबो गावाला नेतो, माचू पिचूकडे जायची ट्रेनही तिथूनच मिळते.

आणि टॉयलेट गेटच्या बाहेर आहे, आत नाही, आत शिरायच्या आधी जाऊन या. मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा.